नऊ वार, दीड हात

माझ्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा मी परड्यात वाळत घातलेलं लुगडं काढत होते. ते उजव्या हातातून सुटलं. परत धरावं म्हटलं तर हात ऐकेना. खरं सांगते, घाबरायच्या आधी मी त्याच्यावर चिडले. मग पाय लटपटले, मी तिथंच चिखलात बसले, आणि त्यानंतरचं मला एकदम दवाखान्यातलंच आठवतं.

वाचा शाबूत राहिली, हे घरच्यांचं दुर्दैव, असं आमचे हे म्हणतात. पायसुद्धा महिनाभरात बराच ताळ्यावर आला. हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. घरी आले ती गाऊनमध्ये. फुलाफुलांचा, समोर बटणं असलेला गाऊन सुनेनं आणला होता. लग्न होऊन या कृष्णाकाठच्या गावात आले, त्या दिवसापासून माझ्या अंगावर लुगड्याशिवाय दुसरं काही चढलं नव्हतं. सासूबाईंच्या धाकानं सुरू झालं आणि पुढं ती माझीच हौस झाली. गावातल्या बायका पाचवारीवर गेल्या, सून ड्रेसवर आली, मी नऊवारीतच राहिले. रानात वाकायला आणि मोटारसायकलवर दोन्हीकडं पाय टाकून बसायला त्याच्यासारखं काही नाही.

पण लुगडं दोन हातांचं काम आहे. घरात दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. शेजारची म्हातारी रोज येऊन नेसवून द्यायला तयार होती. दोन दिवस मी तिच्यापुढं बाहुलीसारखी उभी राहिले, तिसऱ्या दिवशी तिच्याशी भांडले. मग गाऊनच राहिला.

त्यात आम्ही एक शहाणपणा केला. बघायला येणारी प्रत्येक बाई सांगायची, हाताला वारा लागू देऊ नका, वाऱ्यानंच गेलाय. आम्ही ऐकलं. पंखा बंद, खिडकी बंद, हाताला लोकरीची शाल गुंडाळलेली. जो हात हलवायचा, तो आम्ही दोन महिने अंड्यासारखा उबवत ठेवला आणि खांदा पार आखडून घेतला.

भाऊबीजेला मी दरवर्षी आटपाडीला माहेरी जाते. त्या वर्षी दादा आणि वहिनीच इकडं आले. जेवणं झाल्यावर वहिनीनं तांदूळ, खण, नारळ घेतला आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाली, "वन्सं, पदर पसरा." पदर कुठला पसरणार? मी गाऊनमध्ये. सुनेनं पटकन आपली ओढणी माझ्या गळ्यात टाकली. तिचं एक टोक मी डाव्या हातात धरलं, दुसरं सुनेनं उजव्या हाताच्या बोटांत कसंबसं अडकवलं. वहिनीनं ओटी घातली, उजवीकडचं टोक सुटलं, तांदूळ सांडले आणि नारळ घरंगळत खाटेखाली गेला. पंचाहत्तरीचा माझा भाऊ गुडघ्यांवर बसून खाटेखाली नारळ शोधत होता. ते बघून मला रडू आवरलं नाही.

त्या दिवशी मी सांगून टाकलं की पुढच्या भाऊबीजेला मी आटपाडीला येणार, माझं लुगडं माझ्या हातानं नेसून. जमलं नाही तर माहेर बंद. हे मी मोठ्यानं बोलले ही चूक झाली, कारण आमच्या ह्यांनी ऐकलं. हे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेत. त्यांना कुणाचाही निश्चय हा हुकूमच वाटतो.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला कराडला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई कसली, जीन्स घातलेली पोरच. तिनं आधी शाल सोडून बाजूला ठेवली, मग विचारलं, "आजी, या हातानं तुम्हाला काय करायचंय? जेवायचं? केस विंचरायचे?"

"लुगडं नेसायचं," मी म्हटलं.

"ते कसं नेसतात?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. पन्नास वर्षं रोज पहाटे, डोळ्यावर झोप असतानाही केलेलं काम, पण आधी गाठ की आधी पदर, मला आठवेना. हातांना ठाऊक होतं, मला नव्हतं. आणि त्यातला एक हात तर आता कामातूनच गेलेला. मला फार भीती वाटली. आजारपणातली पहिली खरी भीती तीच.

घरी येऊन सुनेला सोप्यात उभं केलं, तिच्या ड्रेसवरूनच लुगडं गुंडाळायला लावलं. मी डाव्या हातानं हवेत करून बघायची, सांगायची, चुकायची, परत सोडायला लावायची. दुपार गेली. हे कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेत होते.

"फौजेत बंदूकसुद्दा गिनतीवरच खोलाय शिकिवत्यात," हे म्हणाले. "तुझं लुगडं काय बंदुकीपेक्षा अवघड हाय व्हय?"

कमरेला गाठ मारण्यापासून मागं कासोटा खोचण्यापर्यंत सात गिनत्या झाल्या. ज्या माणसानं पन्नास वर्षांत मी लुगडं कसं नेसते याकडं ढुंकून बघितलं नव्हतं, तो आता खुर्ची टाकून बसायचा आणि "एक" म्हणून ओरडायचा. कराडच्या पोरीनं तो कागद वाचला आणि बोट सातवर ठेवलं. निऱ्या पायांतून मागं घ्यायच्या आणि पाठीमागं हात नेऊन कमरेत खोचायच्या, एवढंच ते. पण आखडलेल्या खांद्याला पाठीमागं जाण्यासारखं अवघड काही नाही, असं ती म्हणाली. मग तिनं तिथवर पोचायचा व्यायाम लावून दिला. टॉवेल पाठीवरून घेऊन डाव्या हातानं हळूहळू वर ओढायचा आणि उजव्याला मागं न्यायचं, टेबल पुसायचं, बोटं उघडायला भुईमुगाच्या शेंगा एकेक उचलायच्या. मी इतक्या शेंगा उचलल्या की घरातले कुटाला कंटाळले.

गाठ जमली, दातांची मदत घेऊन. निऱ्या जमल्या, वेड्यावाकड्या. चैत्रापर्यंत सहा गिनत्या झाल्या आणि सातवीवर मी अडकले ती अडकलेच. हात कमरेच्या कडेपर्यंत जायचा आणि तिथं थांबायचा. रोज सहापर्यंत नेसायचं आणि रोज सोडायचं. हे "फिर से" म्हणायचे. एकदा मी त्यांच्यावर तांब्या फेकला. डाव्या हातानं, म्हणून चुकला.

तेवढ्यात सून साताऱ्याहून शिवलेली नऊवारी घेऊन आली. पोरी लग्नात घालतात तसली, कमरेला इलॅस्टिक, कासोटा आधीच शिवून ठेवलेला.

"आत्या, आता हीच घाला की. पायजम्यागत चढवायची. कुणाला कळत न्हाई."

"मला कळतंय की," मी म्हटलं, आणि पुढं नको ते बोलले. मला काय सोंग काढून उभी करतीस का, असलं काहीतरी. ती पोर माझं सगळं करत होती. पण तीही माझ्याच घरात राहून तयार झालेली. तिनं नऊवारीची घडी घातली आणि म्हणाली, "मग सातवी करून दावा."

राग मला नेहमीच कामाला येतो. टॉवेल रोज बोटभर वर जाऊ लागला. श्रावणातल्या एका सकाळी निऱ्या मागं घेतल्या, हात नेला आणि अंगठा मणक्याला लागला. खोचलं. चार पावलं टाकली आणि कासोटा सुटला. पण चार पावलं तो राहिला होता. मी सुनेला हाक मारली. ती धावत आली, आणि आम्ही दोघी त्या सुटलेल्या लुगड्यात उभ्या राहून वेड्यासारख्या हसलो. हे दारात होते. त्यांनी कॅलेंडर काढून सातव्या गिनतीपुढं खूण केली.

भाऊबीजेला लुगडं नेसायला मला पाऊण तास लागला. कुणी हात लावला नाही, मी लावूच दिला नाही. एसटीनं आटपाडीला उतरले, घरी चालत गेले. दारात भाकरतुकडा ओवाळून वहिनी माझ्याभोवती फिरली आणि मागं थांबली.

"वन्सं, कासोटा वाकडा झालाय. थांबा, नीट करते."

"राहू दे. वाकडा हाय, पन माझा हाय."

दादाला ओवाळलं, ताट दोन्ही हातांत धरून. जेवणं झाली. वहिनी तांदूळ, खण, नारळ घेऊन समोर आली आणि या वेळी काही म्हणाली नाही. मीच पदर पसरला. एक टोक डाव्या हातात, एक उजव्यात. तांदूळ पडले, खण पडला, मग नारळ. त्या वजनानं उजवा हात वीतभर खाली गेला. बोटांनी टोक सोडलं नाही. हात तिथंच थांबला.

बघते तर दादा आधीच गुडघ्यांवर बसून खाटेखाली बघत होता.

"दादा, ऊठ," मी म्हटलं. "नारळ हितं हाय."