रूथबाईंनी मला हात वर करायला शिकवलं

आमच्या रूथबाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ काढायचं ठरवलं आणि माझ्याकडेही लेख मागितला. माझी शाळा चौथीपर्यंतची. पण बाईंच्या पियानोच्या वर्गात मी नऊ वर्षं बसले आहे, म्हणून लिहिते.

माझी नात केतकी तेव्हा आठ वर्षांची होती. तिला शिकवणीला घालायला मी हुडकेश्वरच्या आमच्या घरून नंदनवन वस्तीत बाईंच्या घरी गेले. रिकाम्या हाती कसं जायचं, म्हणून काटोलहून भावानं पाठवलेली संत्री पिशवीत घेतली होती. काटोलची संत्री म्हणजे काय सांगावं, पण ते राहू द्या. पिशवी मी समोरच्या काळ्या चकचकीत कपाटावर ठेवली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पिशवी अलगद उचलली, कपाटाचं झाकण उघडलं आणि मला आत बघायला सांगितलं. केवढ्या तारा, केवढ्या लहान लहान हातोड्या! मी तोंडावर हात ठेवला. बाई म्हणाल्या, "हा पियानो. मी याच्यावर फुलदाणीसुद्धा ठेवत नाही. आता संत्री सोला, तिघी मिळून खाऊ."

बाईंची शिकवायची एक पद्धत होती. कोणतीही रचना बसली की ती आधी घरच्या अशा माणसाला ऐकवायची, ज्याला संगीतातलं काही कळत नाही. त्या माणसानं ऐकताना जिथे मन उडालं तिथे हात वर करायचा, आणि वाजवणाऱ्यानं तिथेच थांबायचं. आमच्या घरून हे काम माझ्याकडे आलं.

"मले काय समजते बाई यातलं?" मी म्हटलं.

"म्हणूनच तुम्ही पाहिजेत, केतकीच्या आजी. समजणारे लोक लाजेपायी खोटं बोलतात."

मग दर शनिवारी मी खुर्चीवर बसून मेथी निवडायची आणि ऐकायची. हात वर केला की केतकी चिडायची. "आजी, आता काहून वं?" बाई मात्र माझं म्हणणं वहीत लिहून घ्यायच्या. माझं बोलणं कोणी वहीत लिहून घ्यावं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बाई गुडघे दुखत असताना दोन जिने चढून आल्या आणि म्हणाल्या, "डोळे बंद आहेत ना? मग आता तर आणखी चांगलं ऐकू येईल." आणि खरंच, पुढच्या शनिवारी मला रिक्षानं घेऊन गेल्या.

यंदा केतकी बारावीला. माझा मुलगा विजय म्हणाला, "आता हे पियानो-बियानो बंद. हा शेवटचा कार्यक्रम." तो कार्यक्रम म्हणजे फ्रान्सहून आलेल्या एका मोठ्या वादकांचा मास्टरक्लास. मुलांनी सगळ्यांसमोर वाजवायचं आणि पाहुण्यांनी तिथल्या तिथे शिकवायचं. बाईंनी विजयला फोन केला. "बंद करायचं तर करा. पण एकदा समोर बसून ऐका, मग करा." नऊ वर्षांत त्यानं लेकीला सलग कधी ऐकलंच नव्हतं.

केतकी फ्रेंच रचना वाजवणार होती. पाण्यावर उजेड कसा हलतो, ते त्यात आहे म्हणतात. ती बसली, सुरुवात केली, आणि बापाकडे एकदा पाहिलं. तिथून तिचे हात पळायला लागले. मला ती रचना शनिवार-शनिवार ऐकून पाठ झालेली. पाणी कसलं, नळ सोडल्यासारखं वाटायला लागलं. आणि माझा हात वर गेला. भरल्या सभागृहात, दुसऱ्या रांगेत!

केतकीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि सवयीनं थांबली.

विजय दातओठ खात म्हणाला, "आई, काय करून राहिली तू? संपलं सगळं!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्यामुळे पोरीचा पियानो सुटणार होता.

तेवढ्यात बाई उठल्या. काठी न घेता. पाहुण्यांना इंग्रजीतून आणि मग आम्हा सगळ्यांना मराठीतून म्हणाल्या, "हात वर करायला मी शिकवलं आहे. चूक असेल तर माझी."

पाहुणे माझ्याकडे वळले. काय खटकलं, असं त्यांनी विचारलं. बाईंनी मला डोळ्यांनीच बोला म्हटलं. मी बोलले, "काही नाही जी. बापाले पाहून घाबरली पोरगी. अन् घाबरली का पळते."

बाईंनी ते त्यांना सांगितलं. ते मोठ्यानं हसले. म्हणाले, "मी चार ओळी आधीच थांबवणार होतो. याच कारणानं." मग त्यांनी केतकीला हात मांडीवर ठेवून नुसतं बसायला लावलं. किती वेळ, देव जाणे. आणि म्हणाले, आता वाजव.

त्यानंतर जे ऐकलं ते मला लिहिता येणार नाही. आमच्या काटोलच्या विहिरीत दुपारी ऊन उतरायचं आणि आतल्या दगडांवर उजेड नाचायचा, लहानपणी मी काठावर पोटावर पडून तासन्‌तास बघायची. ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं. फ्रान्सच्या माणसानं लिहिलेलं, माझ्या नातीच्या बोटांतून, तेच समोर आलं. माझे हात मांडीवर तसेच राहिले.

विजय माझ्याकडे सरकला. मग म्हणाला, "आई, हे तिनं कवा शिकलं?"

"तू ऑफिसात होता तवा."

बाहेर आल्यावर तो बाईंच्या पाया पडला. "रोज एक तास सराव राहू द्या, बाई."

"दीड," बाई म्हणाल्या. दीडच ठरला.

आता कधी कधी शनिवारी माझ्या खुर्चीवर विजय बसतो. भलत्याच जागी हात वर करतो, आणि बाई तेही वहीत लिहून घेतात.

बाई, तुमचे गुडघे बरे राहोत, कान असेच तिखट राहोत आणि वहीची पानं कधी न संपोत. तुमच्या पंच्याहत्तरांतली नऊ वर्षं मी मन लावून ऐकली. माझा हात कुठेच वर झाला नाही. पुढचंही असंच सावकाश होऊ द्या. मी मेथी घेऊन बसलेली आहे.