खिडकीशेजारचा परळकर

आईबाबांना मी बंगळूरहून विमानाने आणत होते, ते आईच्या हट्टापायी. तिला रात्रीची मुंबई वरून बघायची होती. पण खिडकी मिळाली एका तरुण गृहस्थाला आणि तो झडप ओढून, डोळे मिटून बसला. मधे आई, कडेला बाबा, वाटेपलीकडे मी.

मुंबई जवळ आली तशी आईला राहवेना. तिने त्याच्या दंडाला हात लावला. "बाळा, जरा उघडतोस? आमचं लालबाग दिसेल."

"तुम्हीच बसा ना इथे," तो उठत म्हणाला. "मला हे घरातून रोज दिसतं. बत्तिसावा मजला."

जागा बदलल्या. तो आता बाबांशेजारी आला.

"घर कुठे?" बाबांनी विचारलं.

त्याने परळमधल्या एका टॉवरचं नाव सांगितलं. बाबा सरसावून बसले. तो टॉवर त्यांच्या गिरणीच्या जागेवर उभा होता.

"मी तिथं विणकर होतो. गेटातून आत आलं की डाव्या हाताला, तळमजल्यावर."

त्याने जरा विचार केला. "म्हणजे आमचं पार्किंग."

मला कानकोंडं झालं. बाबा मात्र खूश. "जागा चांगली आहे. पावसात पाणी शिरत नाही."

"आता रिटायर्ड का?"

"नाही. संपावर आहे."

ते थट्टा करत नव्हते. ब्याऐंशीचा गिरणी संप रीतसर कुणी मागे घेतलाच नाही, म्हणून तत्त्वाने बाबा अजून संपावरच होते. मधल्या काळात फक्त गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली आणि आईने घरात खानावळ चालवून मला शिकवलं.

"अवो, बगा तरी! कितके ते दिवे!" आई काचेला कपाळ टेकून म्हणाली.

"बघतो गं," म्हणत बाबा त्याला मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचा आवाज तोंडाने काढून दाखवत राहिले.

"ह्यां बग आपलां लालबाग!" आईने मला बोटाने दाखवलं.

गृहस्थाने वाकून पाहिलं. "आंटी, ते ठाणं आहे."

"असांदे. बरां दिसता," आई म्हणाली आणि ठाण्याकडे डोळे भरून पाहत राहिली.

उतरताना तो बाबांना म्हणाला, "या ना कधी घरी." असं म्हणायची पद्धत असते. बाबा मात्र पुढच्याच रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. वॉचमनने अडवलं, वर फोन केला, आणि तो बिचारा स्वतः खाली न्यायला आला म्हणे.

"कसां होता?" परतल्यावर आईने विचारलं.

"माणूस चांगला. पण चहात साखर नाही."

त्यानंतरच्या रविवारी ते परत गेले.