शिक्का न मारलेला अर्ज

आमच्या तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात एक सवय होती. साहेब रजेवर असले की माहितीच्या अधिकारातले अर्ज ठेवून घ्यायचे, पण आवक रजिस्टरला चढवायचे नाहीत. साहेब आले, त्यांनी पाहिले, की मग शिक्का. कायदा म्हणतो अर्ज मिळाल्यापासून तीस दिवस. आम्ही मोजायचो शिक्क्यापासून. आवक-जावकच्या टेबलावर नवी बसले तेव्हा जुन्या बाबूंनी ही युक्ती शिकवली. खरं सांगते, मला ती हुशारीची वाटली होती. कसली डोंबलाची हुशारी!

साहेब असेच रजेवर असताना तांड्यावरची एक बाई एसटीने आली. पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेतली जुनी नोंद हवी होती. साध्या अर्जाला कोणी भीक घातली नव्हती, म्हणून तिने माहितीचा अर्ज आणला होता. पोच घेतल्याशिवाय ती हलेना. मी वैतागून तिच्या प्रतीवर तारीख टाकली, सही केली आणि अर्ज ड्रॉवरमध्ये सारला. मग निवडणुकीचं काम लागलं आणि तो माझ्या डोक्यातून साफ गेला.

एकतिसाव्या दिवशी ती दारात उभी राहिली. तिच्या हातातली माझी सही पाहिली आणि ड्रॉवर ओढला. अर्ज तसाच आत होता. नोंद नाही, शिक्का नाही.

मी आत जाऊन सांगितलं, तसं साहेबांनी दार लावून घेतलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ती पोच मागून आणा," ते हळू आवाजात म्हणाले. "पोच नाही तर अर्ज आलाच नाही. अपिलात गेली तर सही तुमची आहे, माझी नाही."

बाहेर येताना मला डोळ्यांपुढे निलंबनाची ऑर्डरच दिसत होती. नवरा गेल्यानंतर हीच नोकरी मिळाली होती, घरी दोन लेकरं. फाइल शोधायला तुमच्याकडची पोच लागते, एवढंच तिला कसंबसं म्हणाले. तिने पिशवीतून घडी काढली.

"ठेवा मॅडम, तुमचीच सही हाय."

तिने झेरॉक्ससुद्धा काढली नव्हती. मी तो कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज आजही जात नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी म्हटलं, तुमच्या नावाचा अर्ज आवकला दिसत नाही. आता ही सगळ्यांसमोर माझं नाव घेणार, या धास्तीने मी मान रजिस्टरात घातली.

तिने नाव घेतलं नाही. बाकड्यावर बसून दुसरा अर्ज लिहिला आणि माझ्यापुढे धरला.

"आता शिक्का माह्या डोळ्यादेखत मारा."

जुनी रजिस्टरं यवतमाळला होती. तिकडे पत्र जाऊन नक्कल यायला तीन आठवडे तरी लागायचे. मी शिक्का मारला. तीस दिवस तिथून सुरू झाले. पोरीच्या प्रवेशासाठी पडताळणीचा दाखला द्यायला आठ दिवस उरले होते.