दोनदा वाचायची ओळ

"कान दे," असं म्हणून ते स्वतःच्याच कानामागे तळहात धरायचे. लंडनच्या हॅरो भागातल्या भाड्याच्या हॉलमध्ये आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंची, शनिवारची प्रार्थना तेच चालवत. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की मी मलिद्याच्या गोष्टी सांगतो. प्रसादाच्या त्या गोड पोह्यांत खोबरं किती घालायचं यावरून ते बायकांशी कसे वाद घालत, वगैरे. एक सकाळ मात्र मी वर्षानुवर्षं गाळत आलो. आता ऐंशी उलटली, आता सांगतो.

काकांचं हिब्रू रेवदंड्याचं. एलिया संदेष्ट्याला ते 'हन्नाबी' म्हणत. आमची मुलं इस्राएलला जाऊन शिकून आली, ती 'हनावी' म्हणत आणि हसत. "काकांचं प्रोनन्सिएशन अगदी आउट ऑफ डेट आहे."

काका चिडत नसत. "अरे, माझं तरी कुठे मूळचं? आमच्या पणज्यांना कोचीनवाल्या ज्यूंनी शिकवलं, मग बगदादवाल्यांनी दुरुस्त केलं. इथले जुने ज्यू शनिवारच्या शब्बाथला शब्बस म्हणायचे, आता तेही शब्बात म्हणतात. मी वडिलांकडून ऐकलं ते म्हणतो. तू कान दे."

पेसाहच्या सणाआधीच्या शनिवारी संदेष्ट्यांच्या पुस्तकातला एक उतारा वाचतात. शेवटाकडे देव म्हणतो, मी तुमच्याकडे एलियाला पाठवीन. त्यानंतर येते ती शापाची ओळ. वाचन शापावर संपू नये म्हणून एलियाची ओळ पुन्हा वाचायची रीत आहे. वडिलांनी काकांना सगळ्यात आधी शिकवलेली ओळ हीच. दर वर्षी ती तेच वाचत.

त्या वर्षी माझ्या मुलाचे होणारे सासरे आले होते, लंडनच्या जुन्या ज्यू घराण्यातले. मी दारातच काकांना गाठलं. "आज जरा नवीन पद्धतीने वाचाल का?"

"या वयात? जीभ वळायची नाही, बाबा."

वाचणाऱ्याच्या शेजारी एकजण उभा असतो. अर्थ बदलेल अशी चूक झाली की त्याने मोठ्याने टोकायचं आणि वाचणाऱ्याने शब्द पुन्हा म्हणायचा. तो शेजारचा माणूस मी होतो. उच्चारासाठी टोकायचं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पाहुण्यांपुढे आपण गावंढळ दिसू, ही भीती त्याहून मोठी होती.

"तोराथ," म्हणजे धर्मशास्त्र, काकांनी वाचलं.

"तोरात," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रीत मोडणारे ते नव्हते. "तोरात."

पुढच्याच शब्दाला मी पुन्हा टोकलं. मागची कुजबुज थांबली. मग ती ओळ आली. "हन्नाबी."

"हनावी."

"हनावी," ते म्हणाले, अगदी हळू. शापाची ओळ वाचली. आता एलियाची ओळ पुन्हा वाचायची होती. त्यांनी तोंड उघडलं, आणि माझंही उघडलेलं पाहिलं. पुस्तक माझ्याकडे फिरवून ते म्हणाले, "तू वाच."

मी वाचलं. स्वच्छ, नव्या उच्चारात.

नंतर चहा घेताना पाहुणे म्हणाले, "माझे आजोबा 'हनोवी' म्हणायचे. आता आमच्याकडे तसं म्हणणारं कुणी उरलं नाही. तुम्ही त्यांना का अडवत होता?"

काकांनी पुन्हा कधी वाचलं नाही. काही महिने मागच्या रांगेत बसले, मग लीड्सला मुलीकडे राहायला गेले. दर वर्षी मी फोन उचलायचो आणि ठेवून द्यायचो.

गेल्या वसंतात त्यांच्या मुलीचाच फोन आला. "बाबांचं काही खरं नाही. त्यांना ती ओळ ऐकायचीय. तुमच्याकडूनच म्हणतात."

लीड्सच्या ट्रेनमध्ये मी सगळा वेळ 'हन्नाबी' पुटपुटत होतो. समोरची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. तोंडाने माफी मागणं मला जमलं नसतं. ती या एका शब्दात मागायची, असं ठरवलं होतं.

काका पलंगावर टेकून बसले होते. मुलीने त्यांचा हात उचलून कानामागे धरला. "दिलाय कान," ते म्हणाले.

मी वाचायला लागलो आणि सवयीने, इतक्या वर्षांच्या सवयीने, तोंडातून 'हनावी' निघालं.

त्यांचा हात खाली आला. "बरोबर वाचलंस," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

शापाची ओळ मी घाईने वाचली. आता पुन्हा तीच ओळ होती. 'हन्नाबी' अगदी ओठांवर आलं होतं. मुलीने खूण केली, झोप लागलीय, राहू द्या.

ते पुन्हा जागे झाले नाहीत. पुस्तक मी शापाच्या ओळीवरच मिटलं होतं.