मानमोडीच्या सालचा

हैबतीला मी आधी ‘बसा बाबा’ म्हणालो आणि पाच मिनिटांत ‘अरे हैबती’वर आलो. वयाचा आकडा कळला की आपली जीभ कशी लगेच पायरी बदलते! त्याची लाज मला अजून वाटते.

त्रेसष्ट साल, श्रावण महिना. महाडच्या पेठेतल्या एका धर्मशाळेत मी दिवाणजी होतो. वाटसरूंना दोन रात्री मुक्काम मिळे. मागच्या अंगाला निराधारांची खोली होती. तिथं एकदा शिरलेल्या माणसाला मरेपर्यंत छप्पर आणि दोन वेळचा भात. पण शिरायला नियम होता: साठ वर्षं उलटलेली असावीत, नाहीतर डॉक्टरनं रोग किंवा पांगळेपणा लिहून दिलेला असावा.

हैबती तुडील गावचा. वाट्याची जमीन भाऊबंदांच्या घशात गेलेली, बायको राहीबाई पहिल्याच बाळंतपणात गेलेली. तेव्हापासून तो पेठेत पोती वाही आणि ज्याची पोती वाहिली त्याच्याच ओट्यावर अंग टाकी. असे वीस पावसाळे त्यानं ओल्या कांबळ्यात काढले. दोन वर्षांपूर्वी पोतं पेलेनासं झालं, पण डोक्यावरची चुंबळ काही उतरली नाही. त्या दिवशीही ती घालूनच तो माझ्यापुढे उभा होता, एक हात खांबाला धरून.

“बसा बाबा.”

“नको दिवाणजी. धरून उठाया कायतरी असंल तितंच बसतो मी. हमाल बसला काय न् पोतं उतरलं काय, परत उचलाया दुसरा माणूस लागतो.”

गाल आत गेलेले, पाठ वाकलेली, तोंडात चार दात. विचारायच्या आधीच मी वयाच्या रकान्यात पासष्ट लिहून टाकलं. मग आपली रीत म्हणून विचारलं, “जन्म कधीचा?”

“मानमोडीच्या सालचा!” तो एकदम ताठ झाला. “मी आठ दिसांचा होतो. बापूस त्याच तापात गेला. जायच्या आधी मला मांडीवर घेतला होता त्यानं. आयस सांगायची.”

मानमोडी म्हणजे अठरा सालच्या दसऱ्या-दिवाळीतली तापाची साथ. एकेका घरातून दोन-दोन तिरड्या निघाल्या, ते साल इकडे कोण विसरेल? मी मनात आकडेमोड केली. चव्वेचाळीस! मी स्वतः तेव्हा बावन्नाचा. दिवाणजींचं दप्तर चोख, असा माझा लौकिक होता आणि मला त्याचा माज होता. मी पासष्टावर काट मारली.

“अरे हैबती, तू तर माझ्याहून लहान निघालास!”

पलीकडे विश्वस्त भागोजीशेठ पान लावत बसले होते. ते हसले. “चव्वेचाळीस? मग ऐन उमेदीतला गडी की! कामधंदा कर म्हणावं. आजारी असशील तर कागद आण.”

मी त्याला घेऊन निघालो. दवाखाना हाकेच्या अंतरावर. तरी हैबती वाटेत तीनदा थांबला. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळे पाहिले. मग त्याला खुर्चीवर बसवून हात न टेकता उठायला सांगितलं. त्यानं दोनदा जोर केला, आणि नंतर अपराध्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

“दिवाणजी, हा आतून म्हातारा झालाय,” डॉक्टर म्हणाले. “उपास, ओल आणि ओझी. एखादी ठेच, एखादा खोकला, एवढ्यानंसुद्धा हा जाईल. पण रोग म्हणून काय लिहू? झिजण्याला आमच्यात नाव नाही.” त्यांनी लिहिलं, ‘अत्यंत अशक्त. रोग नाही.’ शेठनी त्यातले शेवटचे दोन शब्द तेवढे वाचले.

मी हैबतीला बाजूला घेतलं. “साठ झाली म्हणून सांग. मी नवा कागद करतो.”

“मंग बापूस मानमोडीत कसा मेला?”

“मेला असेल कशानं तरी!”

“नाय दिवाणजी. मला मांडीवर घेतला तो तेवढाच एक माणूस. मी साठीचा झालो तर तो खोटा होतो. नको.”

मला संताप आला. राहायला ओटा, खायला वारा, आणि मिजास केवढी! जा मग, म्हणालो. खरं तर त्याला न विचारताही मी तो आकडा लिहू शकलो असतो. रकाना माझ्याच हातात होता.

पाचव्या दिवशी सकाळी हमाल त्याला फळीवरून घेऊन आले. ओट्याच्या ओल्या पायऱ्या उतरताना पाय सरकला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. “दवाखान्यात दाखवला, हा कागद,” रावजी हमाल म्हणाला, “पाय कामातनं गेला. गोणीयेवढं पण वजन नाय ओ याला.”

“बाबा,” माझ्या तोंडून गेलं.

“चुकलात,” हैबती कण्हत म्हणाला. “तुमच्यापेक्षा धाकला हाय मी. आता बसलो ना तुमच्या नियमात?”

बसला. ‘पांगळा’ असं मी लिहिलं, शेठनी बिनबोभाट सही केली. खोलीत त्याला खिडकीकडची जागा मिळाली. उशाला त्यानं चुंबळच घेतली. सतरा दिवस तो दोन्ही वेळचा भात जेवला, मग खोकला लागला, आणि अठराव्या दिवशी तो गेला.

भागोजीशेठ आले. हात जोडून म्हणाले, “पिकलं पान, गळायचंच. सुटला म्हातारा.”

“चव्वेचाळीस, शेठ.” माझा आवाज जरा चढलाच.

त्यांनी वाकून हैबतीचा चेहरा नीट पाहिला. मग माझ्याकडे वळले.

“काहीतरीच काय दिवाणजी! साठीच्या कितीतरी पुढचा दिसतोय. लिहिण्याआधी नीट बघितलं नव्हतंत का?”