दर चार तासांनी

वहिनीला मुलगी झाली तेव्हा मी दुर्गच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. हे सांगायला संकोच वाटतो, पण पुढे जे झालं ते त्याच्यामुळेच झालं.

दादा लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मरोद्याला घरी आलो, तेव्हा त्याला नाइट लागली होती. सकाळी सहाचा भोंगा झाला की तो यायचा आणि आमच्या पत्र्याच्या एकुलत्या खोलीत झोप शोधायचा. बाळ पाच आठवड्यांचं होतं. दिवस कुठला, रात्र कुठली, तिला काही कळत नव्हतं. तासाभरात उठायची, चार घोट प्यायची, पेंगायची, पुन्हा रडायची. एकदा दादा कामावर उभ्याउभ्या पेंगला. सोबतच्या माणसानं कॉलर धरून मागे ओढलं म्हणून वाचला. त्या सकाळी तो वहिनीला म्हणाला, "तिले गप्प ठेव. नाई तं एक दिवस मीच त्या लोखंडात जाईन, मंग पाजत बस निवांत."

मला खरंच मदत करायची होती. कॉलेजच्या लायब्ररीतून बालसंगोपनावरचं एक इंग्रजी पुस्तक मी आणलं होतं. डिक्शनरी घेऊन तीन प्रकरणं वाचली, पुढची राहिली. बाळाला दर चार तासांनी दूध द्यावं, मधे रडलं तरी उचलू नये, म्हणजे ते शिस्तीला लागतं, असं त्यात होतं. मी वहीत वेळा लिहिल्या. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. यातल्या तीन वेळा तर भोंग्याच्याच होत्या. मला ते फार शास्त्रीय वाटलं.

"तो शिकून राहिला ना," दादा वहिनीला म्हणाला. "त्याचं ऐक."

वहिनी बाळाला घेऊन मागच्या छपरीत बसायची. मी पुढच्या दारात, अलार्मचं घड्याळ घेऊन.

"भाऊजी, देऊ काय?"

"अजून पन्नास मिनिटं हायेत, वहिनी."

थोड्या वेळानं पुन्हा, "भाऊजी, आता?"

"चाळीस."

शेजारची काकू भंडाऱ्याकडची. ती येऊन म्हणाली, "काऊन रे, लेकरू बी प्लांटात लागलं काय? भोंग्यावर जेवते म्हणते." मी हसलो. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "तिचा पदर ओला होऊन राहिला, दिसत नाई काय तुले?"

वहिनीच्या पदराकडे पाहणं मला शोभणारं नव्हतं. मी घड्याळाकडे पाहिलं.

पाचव्या दिवशी रडणं कमी झालं. आठव्या दिवशी जवळजवळ थांबलं. दोनचा भोंगा झाला तरी बाळाला हलवून उठवावं लागे, आणि उठवलं तरी ती पीत नसे. मी बाहेर बसलेला, मला फक्त शांतता ऐकू यायची. वहीत मी लिहिलं, 'सवय लागली.' दादा तीन वाजेपर्यंत झोपला, उठून पोटभर जेवला आणि म्हणाला, "शिक्षणाचा उपयोग झाला बुवा."

दोन दिवसांनी काकूनं बाळाला उचललं आणि तिच्या टाळूवर हात ठेवला. टाळू खोल गेली होती. "चाल, दवाखान्यात," ती वहिनीला म्हणाली. दादा झोपलेला. डॉक्टरीणबाईंशी हिंदीत नीट बोलू शकेल असा मीच, म्हणून मला सोबत घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि वहिनीकडे वळल्या. "दूध नहीं पिलाती क्या? लड़की है इसलिए भूखा रखा?"

वहिनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग खाली मान घातली. बोलण्यासाठीच मला नेलं होतं. मी हातातल्या दवाखान्याच्या चिठ्ठीची घडी घालत राहिलो. घडी लहान होत गेली.

घरी दादा वहिनीवर ओरडला, "तुलेच दूध नव्हतं, तं सांगाचं होतं ना." मी ताटावर बसलो होतो. भाकर संपवली.

वहिनीचं आटलेलं दूध मग परत आलंच नाही. काकूनं काय काय खायला घातलं, उपयोग झाला नाही. मुलगी वाचली, वरच्या दुधावर वाढली, आता भिंत धरून चालते.

पण त्या सुट्टीतली शेवटची दुपार मला विसरता येत नाही. बाळ भुकेनं रडत होतं. वहिनी बाटली भरून माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"भाऊजी, टाईम झाला काय?"

"द्या ना वहिनी. केव्हाही द्या."

ती हलली नाही. बाळ रडत होतं, बाटली तिच्या हातात होती.

"घड्याळ पाहून सांगा," ती म्हणाली.

मी आत गेलो, घड्याळ आणलं आणि पाहून सांगितलं.