नकाशातली कान्ह

इंदूरच्या आमच्या नकाशा विभागात दर सोमवारी एक वयस्कर बाई यायच्या. संस्थानकाळच्या नकाशाची प्रत टेबलावर पसरून कान्ह नदीच्या रुंद निळ्या पट्ट्यावरून बोट फिरवायच्या. पुढच्या नकाशांत तो पट्टा बारीक होत गेला होता आणि आमच्या नव्या मसुद्यात तिथे चक्क ‘नाला’ लिहिलं होतं.

“मॅडमजी, पण आता त्यात पानीच कुठे आहे?” मी म्हटलं.

“भिया, माणूस आजारी पडला तर त्याचं नाव बदलता का?”

साहेबांनी त्यांना कितीदा तरी परत पाठवलं, तरी त्या येतच राहिल्या. अखेर मसुदा सुधारला. ‘कान्ह नदी’ लिहिलेला नकाशा मी हौसेने त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी नाव नीट वाचलं, मान हलवली आणि खुर्ची पुढे ओढली.

“चला, आता आपल्या इंदूरच्याच सरस्वती नदीचा कागद काढा. तिलाही तुम्ही नालाच लिहिलंय.”